जड स्टिअरिंगचं मूळ शोधून देणाऱ्या काकांना जाहीर थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून सरळ लिहूनच काढतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण इथे डेट्रॉईटच्या आसपास जुन्या गाड्यांचं वेड असलेले आपल्यातले बरेच जण आहेत, त्यांनाही तुम्ही काय केलंत ते कळायला पाहिजे.

गाडी माझी १९६९ ची डॉज डार्ट स्विंगर, ३४० क्युबिक इंचाचं व्ही-८, २७५ हॉर्सपॉवर, आणि पॉवर स्टिअरिंग नाही. इंजिनबद्दल कधी एका शब्दाची तक्रार नव्हती. पण पार्किंगमधून बाहेर काढताना खांदे भरून यायचे, आणि चालत्या गाडीतही स्टिअरिंग हलकं व्हायचं नाही, वर हायवेला सरळ जाताना मधोमध चिकटल्यासारखं वाटायचं, थोडं डावीकडे ढकला मग थोडं उजवीकडे. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, मॅन्युअल आहे, जडच असणार, तू बारीक आहेस, पॉवर स्टिअरिंगचा किट टाक आणि मोकळी हो. तुम्ही एकटेच म्हणालात, की मॅन्युअल स्टिअरिंग उभ्या गाडीत जड असतं पण चाकं जरा फिरायला लागली की ते हलकं व्हायलाच पाहिजे, आणि होत नसेल तर कुठेतरी काहीतरी अडतंय. माझं म्हणणं खरं धरून कोणीतरी कामाला लागलं याचंच मला आधी केवढं बरं वाटलं होतं!

तुम्ही क्रायस्लरमध्ये हायलँड पार्कला चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या कामात उमेदीची वर्षं काढलीत हे ऐकून होते, पण ते बघायला मिळालं त्या दिवशी. कुठलाही पार्ट मागवायचा नाही, आधी फक्त वेगळं वेगळं करून बघायचं. पहिली टायरची हवा, ती कमी होतीच, ३२ पीएसआय केली, थोडा फरक पडला. मग पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून वर, खाली स्टँड, आणि काकी ड्रायव्हर सीटवर बसून स्टिअरिंग हळूहळू फिरवतायत आणि तुम्ही गाडीखाली एकेका जॉइंटवर हात ठेवून पडलेले. तुम्ही म्हणालात, चाकं हवेत असताना हलकं झालं तर दोष टायर नाहीतर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांचा, हवेतही जड राहिलं तर दोष आत आहे. हवेतही जडच होतं. मग कॉलमचे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या नळीचे, डॅशखालचे बोल्ट ढिले करून बघितलं, कॉलम तिरका बसल्यामुळे शाफ्ट घासतोय का, तसं काही नव्हतं.

त्यानंतर पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा) सेंटर लिंक (मधला आडवा दांडा) सोडवली आणि सगळं दोन भागांत आलं, वर बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचे गिअर, आणि खाली लिंकेज, म्हणजे चाकांपर्यंत जाणारे दांडे. काकींना तुम्ही लगेच सांगितलंत की आता शेवटपर्यंत नेऊन आपटू नकोस, लिंकेज सुटलेलं असताना टोकाला जोरात आदळलं तर बॉक्समधल्या छोट्या पोलादी गोळ्या ज्यातून फिरतात त्या नळ्यांना मार बसतो. ही गोष्ट मला आणखी कोणीच सांगितली नव्हती, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. बॉक्स दोन्ही बाजूंना मोकळा फिरत होता आणि बरोबर मध्यावर आला की घट्ट. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजने प्ले (स्टिअरिंगमधला ढिलेपणा) काढायला बॉक्सवरचा सेक्टर शाफ्टचा (पिटमन आर्म फिरवणारा शाफ्ट) स्क्रू आवळून ठेवला होता, आणि प्ले मुळात बॉक्समध्ये नव्हताच, तो खाली आयडलर आर्ममध्ये, म्हणजे सेंटर लिंकला दुसऱ्या टोकाला धरणाऱ्या दांड्यात होता. तुम्ही लॉकनट सोडून स्क्रू मागे घेतलात, बॉक्स मध्यावर ठेवून परत इंच-पाउंडच्या छोट्या टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) लावलात, अंदाजाने नाही. चिकटणं तिथेच गेलं. खालच्या बाजूला चाकं हाताने फिरवून बघितली तर उजवीकडचा लोअर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो खालचा गोल सांधा) पार कोरडा, त्याला ग्रीस, आणि आयडलर आर्म नवीन.

एवढ्यावर कोणीही काम झालं म्हटलं असतं. तुम्ही गाडी चालवून आलात आणि म्हणालात अजून जड आहे, अलाइनमेंटचा कागद दे. त्यावर कॅस्टर, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे झुकाव, दोन्ही बाजूंना साडेचार डिग्रीच्या वर पॉझिटिव्ह, म्हणजे मागे झुकलेला! मग तुम्ही सांगितलंत ते मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय, की कंपनीने या गाडीला मॅन्युअल स्टिअरिंगसाठी कॅस्टर उणे अर्धा डिग्री दिला होता आणि पॉवरसाठी अधिक पाऊण, म्हणजे दोघांचे आकडे वेगळे ठेवण्याचं कारणच हाताचा जोर होतं. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो तसा चाकाच्या वळण्याचा अक्ष मागे झुकला की गाडी सरळ छान धावते, पण वळवताना तेवढाच विरोध करते. ते जुने आकडे त्या काळच्या बायस-प्लाय जातीच्या टायरचे, आता रेडियल टायर आहेत तर इतकं खाली आणलं की गाडी रस्त्यावर भटकेल, म्हणून तुम्ही मधला मार्ग काढलात, अप्पर कंट्रोल आर्मचे (चाकाला वरून धरणारा दांडा) कोन बदलणारे कॅम बोल्ट फिरवून पावणेदोन डिग्रीच्या आसपास. आणि आधीच्या मालकाने लावलेलं १३ इंची स्पोर्टी स्टिअरिंग व्हील काढून १६ इंचाचं बसवलंत. साधा तरफेचा हिशेब आहे, १६ चं १३ केलं की त्याच कामाला सुमारे पावपट जोर जास्त लागतो.

मध्येच कोणीतरी सुचवलं होतं की २४:१ गिअर रेशोचा बॉक्स काढून १६:१ चा टाक, स्टिअरिंग शार्प होईल. तुम्ही नको म्हणालात. लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाचाच्या वर फेऱ्या असतात त्याच्या जागी साडेतीनेक होतील खऱ्या, पण तेवढाच जोर हाताला वाढेल. माझे बरेच पैसे वाचले काका, आणि गाडीचा ओरिजिनल बॉक्स गाडीत राहिला, ज्याची मला जास्त किंमत आहे.

आता गाडी रांगत जरी असली तरी दोन बोटांनी नाही पण दोन्ही हातांनी आरामात वळते, आणि वेग आला की स्टिअरिंग अगदी हलकं. हायवेला सरळ धावते. पॉवर किटचा विषय मी कायमचा बंद केलाय.

तुम्ही व्हीआयएनमधलं (गाडीचा ओळख क्रमांक) बी अक्षर दाखवून सांगितलंत की ही हॅमट्रॅमॅकच्या डॉज मेन या क्रायस्लरच्याच कारखान्यात जोडलेली गाडी, तो प्लांट १९८० मध्ये बंद झाला आणि त्या जागेवर पुढे जनरल मोटर्सने आपला प्लांट बांधला. ज्या कंपनीत तुम्ही काम केलंत तिच्या गाडीत तुमचे हात लागले हे मला फार भारी वाटतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पार्टचे सुद्धा जबरदस्तीने द्यावे लागले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूला ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे, तासन्‌तास मुंगीच्या वेगाने चालते, जड स्टिअरिंगची खरी परीक्षा तिथेच. फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत तुम्ही चालवायची, काकी पुढे बसतील, मी मागे. नाही म्हणू नका. आणि डावीकडच्या बॉल जॉइंटलाही एकदा बघायचंय म्हणाला होतात, तो त्याच्या आधी करून टाकू, ग्रीस गन मी आणून ठेवलीये.

तुमची,
डार्टवाली