वेताळाला जागा द्या

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला थीम पार्कवरचा लेख वाचला. इंदूर-उज्जैन पट्ट्यात असं पार्क झालंच, तर त्यातला एक अख्खा विभाग कोणत्या गाजलेल्या कथेवर उभारावा, याची यादीच लेखकाने दिली आहे. सुपरहीरो, टीव्हीवरची कार्टून, यंदाचा हिट सिनेमा. निवडीचा निकष एकच : पोरं कोणाला लगेच ओळखतात. माझा आक्षेप या निकषालाच आहे.

मी इंदूरच्या कापड-मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बनवणारा माणूस. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, बाकीच्याही पडल्या, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या निघतातच. झांकी लोकांसमोरून पुढे सरकते, म्हणून तिथे चेहरा ओळखू आला की काम झालं. पार्कात सगळं उलटं. तिथे माणूस आत शिरतो, तीन-चार तास फिरतो, त्याला भूक लागते, पोराला शू लागते. नुसता चेहरा त्याला किती वेळ पुरणार? त्याला गाव लागतं, गल्ल्या लागतात, स्वतःला करण्यासारखं काहीतरी लागतं.

ऑरलँडोत 2010 साली हॅरी पॉटरचा विभाग उघडला. आता हॅरी प्रसिद्ध आहेच, पण गर्दी धरून ठेवली ती गावाने. बर्फाच्छादित छपरांचं हॉग्समीड हे कथेतलं गाव, तिथलं बटरबीर नावाचं पेय, आणि ते दुकान जिथे जादूची छडीच पोराची निवड करते. याच्या उलट 'अवतार' हा सिनेमा घ्या. त्यातल्या नायकाचं नाव शंभरातल्या पाच जणांनाही आठवणार नाही, तरी 2017 मध्ये फ्लोरिडात उघडलेल्या पँडोरात, म्हणजे त्या सिनेमातल्या जगावर बेतलेल्या विभागात, लोक तरंगते डोंगर बघत मान वर करून उभे राहतात. 'स्टार वॉर्स'च्या वेळी मात्र डिस्नेने 2019 मध्ये बाटू नावाचा नवाच ग्रह रचला. बांधकाम अव्वल, माझ्यासारख्याने हात जोडावं असं. पण चाहत्यांनी लहानपणापासून ज्या गावांची स्वप्नं पाहिली होती, ती तिथे नव्हती. माझ्या मते ती चूक होती. (हे सगळं मी नातवाच्या फोनवर पाहिलेलं आहे, विमानाच्या तिकिटावर नाही.)

आणि तयार, विकत घेतलेली कथाच हवी असंही नाही. डिस्नीलँडमधली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही नावेची सफर 1967 ची, तिच्यावरून सिनेमा निघाला 2003 मध्ये. हॉलंडातलं एफ्टेलिंग 1952 पासून जुन्या परीकथांच्या जंगलावर उभं आहे.

मग आपल्याकडे काय? माझं मत विक्रम-वेताळाला. मराठी घरांत तो 'चांदोबा'तून आला, 1985 मध्ये दूरदर्शनवरून पुन्हा आला. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ही गोष्ट सांगितली, तेव्हा राजा होता गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, त्रिविक्रमसेन. पुढे लोकांनीच त्याला उज्जैनचा विक्रम करून टाकलं. आम्हा इंदुरी मराठी मंडळींचा हक्क दोन्हीकडून लागतो! शिवाय परवान्यापोटी कुणाला दमडी द्यायची नाही.

मुख्य म्हणजे या गोष्टीत सगळं आयतं आहे. मध्यरात्रीचं स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, आणि एक नियम : तोंड उघडलंस की वेताळ परत झाडावर. गाडीत बसा, पाठीच्या उशीत बसवलेल्या स्पीकरमधून वेताळ मानेमागे बोलू लागतो. गोष्ट संपली की कोडं. गाडीतल्या माणसांनी उत्तर दिलं की वेताळ हसून उडतो आणि गाडी वळून पुन्हा झाडापाशी, पुढच्या गोष्टीकडे. पंचवीस गोष्टींमधल्या तीन एका फेरीत, दुसऱ्या फेरीला वेगळ्या तीन. लोक पुन्हा का येतील, हा प्रश्न इथे गोष्टीनेच सोडवून ठेवलाय. शेवटच्या कोड्याला राजापाशीही उत्तर नसतं. तिथे गप्प बसेल तीच गाडी बाहेर पडेल. इंदूरकर गप्प बसतील का, ते वेगळं.

चार भावांची गोष्ट तर यंत्रवाल्यांसाठीच लिहिल्यासारखी. विद्येचा तोरा मिरवत ते मेलेल्या जनावराची हाडं घेतात, त्यावर मांस चढवतात, मग कातडी नि केस, मग उरलेले अवयव. चौथा प्राण फुंकतो आणि उठलेला सिंह चौघांनाही खातो. दोष कोणाचा? राजा म्हणतो, प्राण फुंकणाऱ्याचा. एवढं दृश्य मला करायला मिळालं असतं तर मी मजुरी मागितली नसती. काही गोष्टी मुलांपुढे सांगण्याजोग्या नाहीत, त्या सरळ गाळाव्यात.

खायचंही गोष्टीतच आहे. राजाला प्रेत आणायला धाडणारा भिक्षू त्याआधी रोज त्याला एक फळ देतो, राजा ते कोठाराकडे धाडतो, आणि एके दिवशी माकड एक फळ चावतं तर आतून रत्न पडतं. सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, हलवायांना माव्याचं असं फळ करायला सांगा, आत खडीसाखरेचं रत्न. बटरबीरला भारी पडेल.

देवादिकांवर विभाग करा, असंही काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. देवापुढे चपला काढायच्या असतात, आणि पार्कात कचोरी खात हिंडायचं असतं. दर्शनाला उज्जैन आहेच.

एक कारागिराची विनंती. सगळं फायबरचं करू नका. मे 2023 च्या वादळात उज्जैनच्या महाकाल मंदिराजवळच्या महाकाल लोक परिसरातल्या सप्तर्षींच्या फायबरच्या मूर्ती कशा पडल्या, ते आपण पाहिलंय. आणि वेताळाचं झाड खरंच हवं. सोमदेवाने शिंशपा सांगितलीय, म्हणजे आपलं शीशम, माळव्याच्या मातीत छान येतं. पण डेरेदार व्हायला वर्षं घेतं, तेव्हा नकाशा मंजूर होण्याची वाट न बघता रोपं आधी लावून टाका.

आपला,
एक जुना झांकी-कारागीर
परदेशीपुरा, इंदूर