मांजरांना विषारी असलेल्या पिसूनाशक पावडरीच्या डब्यावर मांजराचेच चित्र असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पाळीव प्राण्यांसाठीच्या पिसूनाशक पावडरीचे दिशाभूल करणारे वेष्टन आणि हेल्पलाइनवरून मिळालेला चुकीचा सल्ला.

महोदय,

आपल्या कंपनीची पिसूनाशक पावडर मी २७ जून रोजी पुण्यातील आमच्या घराजवळच्या दुकानातून घेतली. त्या पावडरीमुळे आमच्या घरातले मांजरीचे पिल्लू मरता मरता वाचले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, हे पिल्लू आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडले. डॉक्टरांच्या अंदाजाने ते तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचे होते आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन ४५० ग्रॅम भरले. मुलीने तिचे नाव चिंगी ठेवले. तिच्या पोटावर आणि शेपटीच्या मुळाशी पिसवा सरसर पळताना दिसत होत्या, आणि केसांत अडकलेली काळी कणी ओल्या कापसावर दाबली की तिचा तांबूस डाग उमटे, कारण ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्तच असते. एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त ते किती असणार? तिच्या हिरड्या फिकट पडू लागल्या होत्या. त्यामुळे काहीतरी लगेच करायला हवे होते आणि त्याच काळजीने मी आपला डबा विकत घेतला.

डब्याच्या दर्शनी बाजूस कुत्रा आणि मांजराचे पिल्लू शेजारी शेजारी बसलेले आहेत आणि खाली ठळक अक्षरांत 'एका वापरात पिसवांपासून सुटका' असे लिहिले आहे. यातला मुख्य घटक परमेथ्रिन असल्याचा आणि हे उत्पादन केवळ कुत्र्यांसाठी असल्याचा उल्लेख मागच्या बाजूला, किमतीच्या स्टिकरखाली अर्धा झाकलेला, इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत आहे की तो मला नंतर भिंगातून वाचावा लागला. तरीही मनात शंका होती, म्हणून वापरण्यापूर्वी मी डब्यावरील हेल्पलाइनला फोन केला आणि पिल्लाचे वय व वजन दोन्ही स्पष्ट सांगितले. आपल्या प्रतिनिधीने कोणताही प्रतिप्रश्न न करता 'लहान आहे, तर निम्मी पावडर टाका' असे उत्तर दिले. ग्राहकाने यापेक्षा अधिक खबरदारी कशी घ्यावी, हे मला खरोखरच कळत नाही.

पावडर लावल्यानंतर सुमारे तीन तासांनी चिंगीचे कान फडफडू लागले, मग मागचे पाय थरथरू लागले आणि तोंडातून लाळ गळू लागली. आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून रिक्षाने रात्रीच पशुवैद्यांकडे नेले. डबा पाहताक्षणी त्यांनी भांडी घासण्याचा पातळ साबण आणि कोमट पाणी घेऊन तिचे अंग धुतले, लगेच कोरडे करून ऊब दिली, थरथर थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि सलाइन लावले. दोन रात्री ती तिथेच होती. परमेथ्रिन शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया व्हावी लागते, ती मांजरांमध्ये फार दुबळी असते, त्यामुळे कुत्र्याला चालणारी मात्रा धडधाकट मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते, असे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. म्हणजे 'निम्मी पावडर' हा सल्ला कोणत्याही वयाच्या मांजरासाठी चूकच होता.

'एका वापरात सुटका' हा आपला दावाही वस्तुस्थितीला धरून नाही. पिसू प्राण्याच्या अंगावर अंडी घालते, पण ती अंडी केसांवरून घरंगळून गादीत, सोफ्याच्या खाचेत, फरशीच्या सांध्यांत पडतात. तिथेच अळ्या वाढतात, आणि कोषातल्या पिसूपर्यंत तर सहसा कोणतेही औषध पोहोचत नाही. ती कित्येक आठवडे तशीच दबा धरून राहू शकते. आमच्या घरातल्या पिसवा गेल्या त्या रोजच्या कष्टांनी. बारीक दातांच्या फणीने चिंगीला सकाळ-संध्याकाळ विंचरायचे, फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवायच्या, तिची गोधडी दर दोन-तीन दिवसांनी कडकडीत पाण्यात धुवायची, पलंगाखाली व्हॅक्यूम फिरवून पिशवी लगेच घराबाहेर टाकायची, असे आम्ही महिनाभर केले. पहिल्या दिवशी वाटीत २३ पिसवा मोजल्या होत्या. चिंगी आठ आठवड्यांची झाल्यावर डॉक्टरांनी मांजरांसाठीचेच, तिच्या वजनाला योग्य असे औषध तिच्या मानेवर घातले. यातली एकही गोष्ट आपल्या डब्यावर किंवा आतल्या पत्रकात नाही.

माझी मागणी अशी की दर्शनी बाजूचे मांजराचे चित्र काढावे आणि त्याच जागी 'मांजरांवर वापरू नये' ही सूचना मराठी, हिंदी व इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापावी. हेल्पलाइनवर बसणाऱ्यांना एवढे तरी शिकवावे की प्राणी कोणता, हे विचारल्याशिवाय मात्रा सांगायची नाही. पावडरीची किंमत आणि उपचारांचा खर्च मला परत मिळावा. अर्थात पैशांपेक्षा पहिल्या दोन गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. बिले, डब्याची छायाचित्रे, हेल्पलाइनच्या कॉलची नोंद आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

काल त्याच दुकानात आपले सात डबे फळीवर, मांजरांच्या खाद्याच्या पाकिटांशेजारी मांडलेले होते. माझे म्हणणे ऐकून दुकानदाराने ते आतल्या कपाटात ठेवले. इतर दुकानांतल्या डब्यांचे आपण काय करणार आहात, हे उत्तरात अवश्य कळवावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, पुणे