करारावर सही केली आहे

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणतात, आई लगेच फोन दादाकडे देते आणि माझं सांगणं अर्धंच राहतं. म्हणून लिहितेय. माझ्या पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानाचा भाडेकरार मी पुढच्या ५ वर्षांसाठी केला आहे. सही झाली, अनामतही भरली. जागा नवी आहे. म्हणजे पुढच्या वर्षी सगळं आवरून परत यायचं असं जे आपलं बोलणं चाललं होतं, ते आता होणार नाही. आई, इथे चष्मा काढून ठेवू नकोस. पुढे वाच. पुढे तुमच्याबद्दलही आहे.

आधी बाबांचा हिशेब. बाबा, मी दुकान म्हटलं की तुम्हाला आप्पांचं दुकान दिसतं. तुम्ही बोलून दाखवत नाही, पण तुमचा आवाज बदलतो. आप्पांकडे जे दोन रोग शिरले, त्यातला उधारीचा मी दारातच अडवला आहे. दुसरा पडून राहिलेल्या मालाचा. पुरुषांच्या कपड्यांत हंगामाच्या सहा महिने आधी माल नोंदवावा लागतो. फ्लॉरेन्सला पित्ती उओमो नावाचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, तिथे जानेवारीत पुढच्या हिवाळ्याचे कपडे दाखवतात आणि जूनमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. कोण येणार, कुणाची छाती केवढी, काही माहीत नसताना कुठल्या मापाचे किती कोट घ्यायचे हे ठरवायचं. मधली मापं भराभर जातात, कडेची मापं टांगलेली राहतात आणि नफा तिथेच लटकतो. म्हणून तयार कोट-पँट मी फार कमी केल्या. आता प्रत्येक मापाचा एकेक नमुना ठेवते. गिऱ्हाइकाने तो अंगावर चढवायचा, कुठे सैल, कुठे ओढतोय ते मी टाचण्या लावून धरते, मग कापड निवडायचं, निम्मे पैसे आधी, आणि त्यानंतरच कापड कापलं जातं. शर्ट, टाय, मोजे, पट्टे तेवढे तयार ठेवते. त्यात पैसा अडकला तरी झोप उडत नाही. मी व्यवस्थित झोपते, बाबा. खरंच.

मॉलमध्ये जागा का घेत नाही, असं तुम्ही विचारलं होतं. मॉलमध्ये भाडं तर असतंच, वर बऱ्याचदा विक्रीतला हिस्साही द्यावा लागतो, आणि ते म्हणतील त्या वेळेला दार उघडं ठेवावं लागतं. माझं काम एका माणसाला तासभर देण्याचं. तिथे ते जमत नाही. आणखी एक गोष्ट, खास तुमच्यासाठी, कारण अशा गोष्टी तुम्ही नंतर मित्रांना सांगता. सगळीकडून बंद, आत थंडगार अशा मॉलचा मूळ नमुना म्हणजे अमेरिकेत मिनीॲपोलिसजवळचं साउथडेल. ते १९५६ साली उघडलं. व्हिक्टर ग्रुएन नावाच्या वास्तुविशारदाने ते आखलं. तो मूळचा व्हिएन्नाचा. लोकांनी गाडीतून उतरावं, पायी फिरावं, एकमेकांना भेटावं, त्याच्या गावच्या रस्त्यांवर घडायचं ते इथेही घडावं, हे त्याच्या मनात होतं. भोवती घरं, शाळा, दवाखाने असावेत असंही त्याने आखलं होतं. प्रत्यक्षात जागोजागी उभे राहिले ते मॉल आणि त्यांच्याभोवती गाड्यांची मैदानं. पुढे तो स्वतःच त्या सगळ्यावर नाराज झाला आणि व्हिएन्नाला परत गेला. मला त्याचं फार वाईट वाटतं. त्याला हवं होतं ते अगदी साधं होतं.

आमचं शहर तुम्ही पाहिलंच आहे. जुन्या दुकानासमोरून गाड्या ताशी ६० किलोमीटरने जायच्या. दुकानाची दर्शनी बाजू ६ मीटर. त्या वेगाने जाणाऱ्या माणसासमोर माझी काच अर्धा सेकंदही राहत नाही. पायी जाणाऱ्याला तेवढंच अंतर काटायला चार सेकंद तरी लागतात, आणि चार सेकंदांत माणसाला कोटाचा रंग दिसतो, कापड आवडतं, आत शिरावंसं वाटतं. इतकी वर्षं मी काच सजवत होते आणि ती बघायला रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी दुकान चाललं, कारण येणारे ठरवून, वेळ घेऊन, लांबून गाडी काढून यायचे. असा माणूस नुसता बघायला येत नाही. त्याला काहीतरी हवंच असतं, आणि त्याचं ऐकून घेतलं की तो भावाला घेऊन येतो, मग मुलाला. पँटची उंची मी फुकट कमी करून देते त्यामागेही हेच आहे. पँट न्यायला त्याला परत यावं लागतं.

आणि हे काम मला येतं. असं स्वतःच म्हणू नये, पण आज म्हणू द्या. इथल्या माणसाचा निम्मा दिवस गाडीच्या सीटवर जातो, आणि कपडे मात्र त्याला आरशासमोर उभं करून विकले जातात. मी खुर्ची ठेवली आहे. कोट घालून बसा, हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे पुढे करा, मग सांगा पाठीत ओढतोय का. कोटाच्या मागे असते ती चीर मुळात घोड्यावर बसणाऱ्यांसाठी आली. सीटवर बसणाऱ्यालाही दोन्ही बाजूंना चिरा असलेला कोट बरा पडतो, मागचा भाग चुरगळत नाही. सीटबेल्ट छातीवर रोज घासतो, त्यामुळे तलम, चकचकीत लोकरीपेक्षा घट्ट पिळाच्या सुताची लोकर टिकते, आणि संध्याकाळी हँगरला लावली की सकाळपर्यंत तिच्या सुरकुत्या उतरतात. लिननच्या उतरत नाहीत, हे मी विकायच्या आधीच सांगते. लांब ओव्हरकोट इथे जात नाहीत, कारण घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात एवढीच थंडी लोकांना लागते. मांडीपर्यंतचा आखूड कोट जातो. त्याचं नावच कार कोट आहे, उघड्या मोटारींच्या काळापासूनचं. बाबा, तुम्ही हातात घेऊन बघत होतात ते तळव्याला रबराचे ठिपके असलेले बूटही मोटार चालवणाऱ्यांसाठीच. इटलीत १९६३ साली त्यांचं पेटंट घेतलं गेलं. तुमच्यासाठी ते मी मुद्दामच आणले नाहीत. त्यांचा तळवा फार पातळ असतो, आणि तुम्हाला चालायचं आहे.

चालण्यावरूनच खरं सांगायचंय ते येतं. गेल्या खेपेला तुम्ही दोघं इथे होतात तेव्हा मी सकाळी दुकानात जायचे आणि बाबा खिडकीशी बसलेले असायचे. संध्याकाळी परत यायचे तेव्हाही तिथेच. तुम्ही तक्रार केली नाहीत. आई म्हणायची, "आराम होतोय गं." पण घराबाहेर फूटपाथ नव्हता, जवळचं दुकान मोठा रस्ता ओलांडून होतं आणि मी गाडीने नेल्याशिवाय तुम्हाला पोस्टाचं तिकीटसुद्धा आणता येत नव्हतं. आयुष्यभर स्वतःच्या पायांनी सगळं गाव पालथं घातलेला माणूस माझ्या सुट्टीची वाट बघत बसायचा. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

नवी जागा म्हणूनच घेतली. ही शहराची जुनी पेठ आहे, गाड्यांच्या आधीच्या काळातली. दुकानं एकमेकांना चिकटून आणि थेट फूटपाथवर उघडणारी. नव्या भागांत बांधकामाचे नियमच असे असतात की दुकानाच्या दर हजार चौरस फुटांमागे चार गाड्यांची सोय करा, म्हणजे दुकानापेक्षा गाड्यांनाच जास्त जमीन जाते. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ साली ती सक्ती काढून टाकली, इतरही काही शहरं काढतायत. ही पेठ त्या नियमांच्या आधीची म्हणून वाचली. भाडं थोडं जास्त आहे. पण इथे माणसं चालतात. आणि घर मी दुकानापासून सात-आठ मिनिटांवर घेतलं आहे, चालत सात-आठ मिनिटं, गाडीने नव्हे. वाटेत वाचनालय लागतं, पुढे बाग आहे, बागेत पाठीला टेकू असलेली बाकं आहेत. मी बसून पाहिलं आहे. दवाखाना त्याच रस्त्यावर. घर तळमजल्याला, आईच्या गुडघ्यांसाठी. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे. तुमच्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि गादी टणक आहे, बाबांना लागते तशी. उशा आईच्या आवडीच्या, चपट्या.

आई, तुझं जे म्हणणं आहे तेही मला माहीत आहे. परक्या पुरुषांची मापं घेत आयुष्य काढणार का, असं मावशीने तुला विचारलं आणि तू गप्प राहिलीस. वहिनीने सांगितलं. मावशीला तू काही सांगायला जाऊ नकोस. पण तुला सांगते. पुरुषांना त्यांच्या कपड्यांबद्दल कुणी नीट विचारलेलंच नसतं. बायकोने आणलेलं घालायचं, नाहीतर घाईत उचलायचं. माझ्याकडे परवा एक गृहस्थ आले, मोठ्या आजारातून उठलेले, सगळे कपडे सैल झालेले. आरशाकडे बघत नव्हते. मी त्यांची मापं घेतली ती तू माझी घ्यायचीस तशीच, न बोलता, टेप गार लागू नये म्हणून आधी हातात धरून. कोट घालून ते ताठ उभे राहिले आणि कितीतरी वेळ तसेच होते. तुझ्या मशीनखाली बसून मी चिंध्या गोळा करायचे, तू पायाने मला हळूच बाजूला सारायचीस आणि म्हणायचीस, "सुईखाली येशील गं मने." मला कुठलंही नवं कापड हातात घेतलं की तेच ऐकू येतं. मी तुझंच काम करतेय, आई.

आता जे लिहिणार आहे ते दोघांनी लक्ष देऊन वाचा.

दादाच्या घरच्या कार्यक्रमाचे फोटो आले, त्यात बाबांनी राखाडी शर्ट घातला आहे. तो मीच पाठवलेला, माझ्या हातच्या मापाचा. गळ्याचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जावीत एवढी जागा मी ठेवली होती. फोटोत अख्खी मूठ जाईल एवढी आहे. खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे. बाबा, कापड धुतल्यावर आटतं, असं वाढत नाही. तुमचं वजन उतरलं आहे, आणि बरंच उतरलं आहे. "वयानुसार होतं" हे मला सांगू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. वजन, साखर, थायरॉइड, आणि ते सांगतील ते बाकीचं. दादाला मी कळवलं आहे, तो गाडी घेऊन येईल, त्याला परत पाठवू नका. घाबरवत नाहीये. बहुतेक साधंच काहीतरी असेल, जेवण कमी झालं असेल, दातांचं असेल. पण मला कळलं पाहिजे.

आई, बाबा जेवले का हे "हो" वर सोडू नकोस, समोर बस. आणि तू स्वतः उभ्याने जेवू नकोस. गुडघ्याचे व्यायाम रोज. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेला कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता, तो काढला असशील तर परत लाव.

दादाच्या लग्नातला बाबांचा निळा ब्लेझर कुणी इस्त्री करायचा नाही. छातीवर जे फुगे आलेत ते ओलाव्याचे नाहीत. कोटाला आकार यावा म्हणून आत जाड कापडाचा थर गोंदाने चिकटवलेला असतो, तो गोंद सुटला आहे. इस्त्रीने आणखी बिघडेल. तो तसाच ठेवा. मी नवा करतेय, आत शिवलेला कॅनव्हास घालून, तो सुटत नाही. त्यासाठी मापं हवीत. आईने घ्यावीत, दादाने नको. गळा, छाती, कंबर, पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत, आणि बाहीची लांबी हात किंचित वाकवून. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला आहे, तो पूर्वीपासूनच, त्याची काळजी नको, पण किती ते लिहा. टेप जुना असेल तर नवा आणा, जुना ताणला जातो. बाबांनी पोट आत ओढायचं नाही.

दोघांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. बाबांची तपासणी नीट झाली आणि डॉक्टर हो म्हणाले की तिकिटं काढते. थंडी संपल्यावर या, चार-पाच महिने राहा. करमलं नाही तर लगेच परत पाठवीन, अडवणार नाही. दुकानात बाबांसाठी काचेजवळ खुर्ची ठेवणार आहे. तिथून रस्ता दिसतो, आणि आता रस्त्यावर माणसं असतात.

रिपोर्ट आले की आधी मला फोटो पाठवा, नंतर फोन करा. इथे रात्र असली तरी करा.

तुमची,
मनी