पालकमंत्री साहेब, नान्नजच्या माळावरच्या कुत्र्यांना आपणच पोसतोय

मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

साहेब, नमस्कार.

पत्रं तुमच्याकडे ढिगाने येत असणार म्हणून विषय आधीच सांगून टाकतो. चिकन-मटणाच्या दुकानांतली घाण आणि मेलेली जनावरं सोलापूरच्या आसपास उघड्यावर टाकली जातात ना, ते थांबवा, आणि नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य डोळ्यासमोर ठेवून थांबवा. तुम्ही म्हणाल हे काम महापालिकेचं, ग्रामपंचायतीचं, माझ्याकडे कशाला आलास. आलो कारण कचऱ्यावाल्या साहेबांना वाटतं लांडगे-माळढोक हा वन खात्याचा विषय, आणि वन खात्याला वाटतं कोंबडीची पिसं आणि आतडी हा कचऱ्याचा विषय, आणि हे दोघं एका टेबलाला बसतात ते जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत, जिथे अध्यक्ष तुम्ही असता.

आता माळाचं सांगतो. बाहेरचा माणूस नान्नज, मार्डी, अकोलेकाटीकडे गेला की म्हणतो काय आहे ओ इथं, नुसतं वाळकं गवत आणि दगड. पण पाऊस पडून गेल्यावर आठवडाभराने जाऊन बघा. कुसळी, पवन्या, मारवेल गुडघ्याएवढं वाढलेलं असतं, त्यात नाकतोडेच नाकतोडे, त्या नाकतोड्यांवर चंडोल, तित्तर, सरडे आणि नशीब असेल तर माळढोकसुद्धा. गवतावर ससे, उंदीर, काळविटं. उंदरांवर खोकड आणि हिवाळ्यात लांबून येणारे भोवत्या पक्षी. काळविटांवर लांडगा. शाळेत शिकवतात तीच अन्नसाखळी, फक्त इथं ती मोटरसायकलने अर्ध्या तासावर आहे.

या साखळीचा एक हिशोब आहे. खालच्या पायरीतली साधारण दहावा हिस्सा ऊर्जाच वरच्या पायरीला मिळते, बाकीची जगण्यात, धावण्यात, अंग गरम ठेवण्यात संपते. म्हणून गवत भरपूर, काळविटं त्यामानाने कमी आणि लांडगे अगदी मोजके. काळविटं घटली की लांडग्याची पिल्लं जगत नाहीत, लांडगे घटतात, मग काळविटं परत सावरतात. हे आपोआप चालत आलंय.

कुत्र्याला हा हिशोब लागूच होत नाही. लांडगा रोजंदारीवर आहे आणि कुत्र्याला आपण महिन्याचा पगार चालू केलाय. गावाबाहेरच्या ओढ्यात, रस्त्याकडेच्या खड्ड्यात, कचरा डेपोच्या आजूबाजूला पोतं भरून आतडी-पिसं रोज येऊन पडतात, त्यावर कुत्री पोट भरतात, वर्षाला पिल्लं घालतात, आणि मग टोळी करून माळावर जातात. तिथे काळवीट मिळालं तर मिळालं, नाही मिळालं तरी संध्याकाळचं जेवण ओढ्यात पक्कं आहे. माळावरचे ससे संपले तरी कुत्र्यांची संख्या कमी होणार नाही, कारण ती सशांवर अवलंबूनच नाहीत, ती आपल्या रविवारच्या चिकनवर अवलंबून आहेत. जो शिकारी शिकारीवर जगत नाही त्याला शिकार संपल्याचा फटका बसत नाही, हे एवढंच कुणीतरी अधिकाऱ्यांना समजावून सांगायला पाहिजे.

माळढोकाची मादी एका वेळी बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जवळपास महिनाभर एकटी उबवते. ती घाबरून उठली आणि कुत्रं पोचलं की त्या वर्षाचा विषय संपला. देशात हा पक्षी आता दीडशेच्या आसपास राहिलाय, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. आपल्याकडे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णींनी नान्नजच्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, १९७९ ला अभयारण्य झालं, सोलापूर-नगर मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, पुढे ते कापून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. कापायला माझा फार विरोध नव्हता खरं तर, अख्खे तालुके त्यात गेले होते आणि लोकांना आपल्याच जागेत काही करता येत नव्हतं. पण जे उरलंय त्यात तरी कुत्र्यांचा मोकाट वावर नको ना.

नुसती शिकार असती तरी एक वेळ चाललं असतं. रोग वेगळाच आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसच्या वर सिंह मेले, तपासणीत काही सिंहांमध्ये डिस्टेंपर या रोगाचा विषाणू निघाला, जो कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. रेबीजचं तर सांगायलाच नको, आणि पिसाळलेला लांडगा वस्तीत शिरला की काय होतं ते आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. शिवाय पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. वाघाएवढंच, म्हणजे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकचं संरक्षण असलेला प्राणी, देशात साधारण तीन हजार उरलेला, आणि तो आपण कुत्र्यात मिसळून संपवणार.

धनगरांशी बोललं की वेगळंच ऐकायला मिळतं. लांडगा त्यांना नवा नाही, मेंढी गेली की चार शिव्या घालतात आणि मेंढ्यांचा वाडा पुढे हलवतात. पण हल्ली मेंढरं जास्त कुत्रीच धरतात असं तेच सांगतात. आता लांडग्याने मारली तर वन खात्याची भरपाई आहे, कुत्र्याने मारली तर नाही, मग खापर कुणावर फुटणार तुम्हीच सांगा.

पूर्वी मेलेली जनावरं गावाबाहेरच टाकायचे की, तेव्हा कुठं एवढी कुत्री होती, असं विचारणारे भेटतात. बरोबर आहे. तेव्हा गिधाडं होती. बैल मेला की त्याची कातडी निघेपर्यंत आकाशात घिरट्या सुरू व्हायच्या आणि तासा-दोन तासात हाडं उरायची, कुत्र्याला फार काही मिळायचंच नाही. गिधाडाच्या पोटातलं आम्ल एवढं जहाल की सडक्या मांसातले जंतू तिथंच मरतात. नव्वदच्या दशकात गुरांना वेदना कमी करायला डायक्लोफेनॅक द्यायला लागले, ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची किडनी निकामी. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ ला जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर उशीर झाला होता. २०२४ मध्ये फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांचा पेपर आला, त्यांचा अंदाज असा की २००० ते २००५ मध्ये गिधाडं नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, सडकी जनावरं, खराब पाणी, वाढलेली कुत्री, रेबीज असं सगळं धरून. म्हणजे सफाई कामगार गेला, जागा रिकामी झाली, तिथे कुत्रं बसलं, आणि आपण मात्र जनावर टाकायची पद्धत तीच चालू ठेवली.

अजून एक फाटा आहे, उजनीचा. कोंबडीची हीच घाण काही ठिकाणी मांगूर माशांच्या तळ्यात जाते. मांगूर म्हणजे आफ्रिकन मासा, देशात २००० पासून पाळायला बंदी, हरित लवादाने २०१९ ला परत बजावलं, उजनीच्या काठावर त्याची तळी उद्ध्वस्त करायच्या कारवायाही झाल्या. हा मासा सडकं काहीही खातो, तळ्यातून निसटून धरणात गेला की आपले स्थानिक मासे आणि त्यांची पिल्लं खातो. आणि त्याच धरणाचं पाणी सोलापूरकर पितात. पुणे-पिंपरीकडून मुळा-मुठेतून येणारं सांडपाणी त्यात आधीच आहे, त्यावर आजवर एवढं बोलून झालंय की आज सोडतो.

कुत्र्यांना मारा असं मी म्हणत नाहीये, कुणी प्राणीप्रेमी वाचत असतील तर कृपा करून अंगावर येऊ नका. कुत्री मारून काही होत नाही, जेवण चालू असेल तर सहा महिन्यात तेवढीच परत येतात. चिकनवाल्यांनाही शिव्या घालायच्या नाहीत. त्याचा दुकानाचा गाळा आठ बाय दहाचा, रोजची दोन पोती घाण, घंटागाडी ती घेत नाही, मग तो रात्री कुणालातरी पन्नास-शंभर देऊन उचलायला लावतो आणि तो उचलणारा पहिल्या अंधाऱ्या वळणावर टाकून येतो. त्याला दुसरा रस्ताच ठेवला नाही आपण.

केरळमध्ये दुकानांकडून ही घाण वेगळी गोळा करून रेंडरिंग प्लांटला नेतात, तिथे ती उच्च तापमानाला शिजवून, वाळवून तिची पावडर आणि चरबी काढतात, पावडर खाद्यात आणि खतात जाते, म्हणजे प्लांटचा काही खर्च त्यातून निघतो. सोलापूर शहर, बार्शी, मोहोळ, तुळजापूरकडचा भाग मिळून असा एक प्लांट चालेल एवढं चिकन आपण नक्कीच खातो. दुकानाचं लायसन्स रिन्यू करताना घाण कुठे दिली त्याच्या पावत्या मागा. नियम करायची गरज नाही, २०१६ च्या घनकचरा नियमातसुद्धा कचरा वेगळा करून द्यायचा आणि उघड्यावर टाकायचा नाही हे लिहिलेलंच होतं.

मेलेल्या जनावरांसाठी तालुक्याला एक गाडी द्या, हायड्रोलिक पट्टा असलेली, नाहीतर चारशे किलोची म्हैस उचलणार कोण. आणि अभयारण्याला लागून असलेल्या गावांतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण आधी करा, शहराचं नंतर. २०२३ च्या एबीसी (प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या) नियमात ही जबाबदारी ग्रामपंचायतीलाही आहे, पण तिच्याकडे ना डॉक्टर ना पिंजरा ना पैसे, म्हणून निधी डीपीसीतूनच, म्हणजे तुमच्या जिल्हा नियोजन समितीतूनच लागेल.

आणि एक विनंती, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. वृक्षारोपणाचं टार्गेट आलं की माळावर खड्डे घेऊ नका ओ. ते गवताचंच रान आहे, तिथे झाडं लावली की माळढोकाला लांबचं दिसत नाही आणि तो तिथून उठतो. झाडं शहरात लावा, होटगी रोडला उन्हात उभं राहून बघा कुठे गरज आहे ती.

बाकी प्लांटला वेळ लागेल, टेंडर निघेल, कुणी कोर्टात जाईल, समजतो. पण गाडी आणि ती बोलवायला एक फोन नंबर महिन्याभरात होऊ शकतो. नान्नज, मार्डी, वडाळा, कारंबा, अकोलेकाटी या गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो नंबर रंगवा, आणि उचलणाऱ्या माणसाला रात्रीची ड्युटी लावा, कारण जनावरं दिवसा कमी आणि रात्री जास्त टाकली जातात.

आपला,
एक सोलापूरकर