वादळाच्या मागे जाताना चित्राचे वय पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या मैदानी राज्यांत चक्रीवातांचा (टोर्नेडोंचा) पाठलाग करणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून बरेच जण त्याच कामासाठी ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरकडे 'फुकट मिळते' म्हणून वळतात. पैसे वाचतात हे खरे, पण तो त्यातला सर्वांत लहान फायदा. पडद्यावर दिसते ते कुठून आले आणि किती जुने आहे, हे आपल्याला स्वतः तपासता येते, हा मोठा फायदा.

तिथल्या नेक्सराड या सरकारी हवामान रडारांचा लेव्हल-२, म्हणजे सविस्तर मूळ, डेटा सर्वांना खुला आहे. 'सुपरसेल डब्ल्यूएक्स' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर तो थेट उतरवून दाखवते. मात्र वादळी हवेत रडारला खालपासून वरपर्यंत सगळ्या कोनांची फेरी पूर्ण करायला साधारण साडेचार ते सहा मिनिटे लागतात. सर्वांत खालचा कोन मधेच पुन्हा घेतला जातो, म्हणून तेवढे चित्र लवकर बदलते, इतकेच. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वादळ मिनिटाला एक किलोमीटर सरकते. पाच मिनिटांच्या जुन्या चित्रात ते पाच किलोमीटर मागे दिसते. सर्वांत घातक प्रकार नेटवर्क गेल्यावर होतो. चित्र गोठते, पण जीपीएसमुळे गाडीची खूण पुढे सरकत राहते आणि सगळे सुरळीत असल्याचा भास होतो. म्हणून आधी चित्रावरची वेळ वाचावी. ती बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. वादळांच्या हंगामात ओक्लाहोमा राज्याचे घड्याळ यूटीसीच्या पाच तास मागे असते. ३१ मे २०१३ रोजी त्याच राज्यातल्या एल रेनोजवळचा चक्रीवात पाहता पाहता ४.२ किलोमीटर रुंद झाला आणि वळला. त्यात एका अनुभवी संशोधन पथकातले तिघे मृत्युमुखी पडले. अशा वादळापुढे पाच मिनिटे फार मोठी असतात.

अंतराचेही तसेच. रडारचा ०.५ अंशाचा, म्हणजे सर्वांत खालच्या कोनाचा, किरण १०० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर, तर २०० किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटर उंच असतो. त्याखालचे भोवरे त्याला दिसतच नाहीत.

वाऱ्याच्या वेगाच्या चित्रात आणखी एक फसगत होते. मर्यादेपलीकडचा वेग घडी पडल्यासारखा उलट दिशेचा दिसतो. रडारची मोजमर्यादा सेकंदाला २६ मीटर असेल, तर ३० मीटरने दूर जाणारा वारा २२ मीटरने जवळ येताना दिसतो. रडारचा डेटा हाताळणाऱ्या 'पाय-आर्ट'मध्ये ही घडी उलगडण्याची सोय आहे, पण सुट्या, तुटक ठिपक्यांवर तिचा अंदाज चुकतो. मूळ चित्र शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा.

जीपीएससाठी लिनक्सवर 'जीपीएसडी' हा प्रोग्रॅम वापरावा. रिसीव्हर ज्यावरून माहिती पाठवतो तो सीरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमने वाचायचा असतो. जीपीएसडी तो वाचून २९४७ क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर सगळ्या प्रोग्रॅमना स्थान वाटते. नेहमीचा बिघाड म्हणजे खड्ड्यात केबल हलते, रिसीव्हर तुटून पुन्हा जोडला जातो आणि त्याचे लिनक्समधले नाव 'टीटीवाययूएसबी०'चे 'टीटीवाययूएसबी१' होते. जोडलेल्या उपकरणांना नावे देणाऱ्या 'यूडेव्ह'चा नियम लिहून त्याला कायमचे नाव द्यावे. स्वस्त रिसीव्हरना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, तिथे नियम यूएसबीच्या विशिष्ट खाचेला बांधावा. नेटशिवाय घड्याळ बरोबर ठेवायला 'क्रोनी' हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम जोडायचा असेल, तर जीपीएसडी '-n' (लहान एन) पर्यायाने सुरू करावे. नाहीतर कोणी स्थान मागेपर्यंत ते रिसीव्हर वाचतच नाही.

गाडीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी विजेची केबल आखूड आणि जाड घ्यावी. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेले की तो कमी वीज मिळत असल्याची नोंद करतो. गाडीचे इंजिन बंद करताना वीज एकदम गेली, तर एसडी कार्ड बिघडण्याची भीती असते.

नकाशे 'ऑसमअँड' या मोबाइल अ‍ॅपमध्ये आधीच उतरवून ठेवावेत. ते ज्यावर आधारलेले असतात त्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर पृष्ठभागाची नोंद नसलेला रस्ता पक्का धरू नये; पावसानंतर तिथल्या मातीच्या रस्त्यात चाके रुततात. निघण्याच्या आदल्या रात्री वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करून प्रत्येक प्रोग्रॅम उघडून पाहावा. जे तेव्हा उघडत नाही, ते शेतातही उघडणार नाही.

आपला,
एक वाचक