दादाला घेऊन येतेय

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने मी येतेय आणि दादाला सोबत आणतेय. तुम्हाला न विचारता ठरवलं, बाबा. राग माझ्यावर काढा, त्याच्यावर नको. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडणं मला जमलं नसतं.

त्या रविवारी भर उपासनेत तो जे बोलला ते मीही विसरले नाही. आईचा हात माझ्या हातात होता, गारठलेला. घरी आल्यावर तुम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढलात. 'जो कोणी माणसांसमोर मला नाकारील', त्या तेहतिसाव्या वचनाखाली तुमची लाल पेन्सिलीची रेघ अजून आहे. वचन प्रभूचंच आहे. त्यातली एक मात्राही मी खोडत नाही.

पण ते पेत्रानेही ऐकलं होतं ना? त्याच पेत्राने महायाजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत, प्रभूला तीनदा नाकारलं. आणि मार्काच्या सोळाव्या अध्यायात प्रभूच्या रिकाम्या कबरेपाशी बायकांना निरोप मिळतो तो, शिष्यांना 'आणि पेत्राला' सांगा असा. पेत्र शिष्यांतलाच की! मला वाटतं, नुसतं 'शिष्यांना' म्हटलं असतं तर तो स्वतःला त्यात धरायला धजला नसता. मग तिबिर्या सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, जवळ भाकर. प्रभूने आधी न्याहारीला बोलावलं. 'माझ्यावर प्रीती करतोस काय' हे न्याहारी झाल्यावर विचारलं. बाबा, मला तेवढंच हवंय. आधी त्याचं जेवण होऊ दे.

तो पस्तावून येतोय असं खोटं सांगणार नाही. प्रार्थनेला बसेल की नाही, मला माहीत नाही. पण परवा फोनवर त्याने विचारलं, "बाबांचा खोकला अजून तसाच आहे का गं?" एवढ्यावर मी तिकिटं काढली.

तुम्हाला कसलीही तोशीस पडणार नाही. त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालीन, भाकऱ्या मी थापीन, पहाटेच्या तुमच्या प्रार्थनेत कुणी खुडबुड करणार नाही.

दिवे गेले की तुम्ही आम्हा दोघांना एका घोंगडीत घेऊन विचारायचात, "हरवलेलं शंभरावं मेंढरू कोण?" आणि आम्ही "मी! मी!" म्हणून भांडायचो. दरवेळी दादाच जिंकायचा. तुम्ही त्याला शोधल्यासारखं करून खांद्यावर घ्यायचात. आठवतं का हो?

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? तांदळाचं पोतं ओढू नकोस, दादा उचलेल. करंज्यांचं सारण फक्त करून ठेव. तळायला मी येते.

बाबा, साखरेच्या गोळ्या आणतेय, तोवर आहेत त्या चुकवू नका. आणि गाडीला उशीर झाला तर फाटकाचं कुलूप तेवढं काढून ठेवा. थंडीत बाहेर उभे राहू नका, मफलर गुंडाळून आतच बसा.

तुमची,
छकुली