आधी कार्डाला वीज, मग लॅपटॉप

संपादक महोदय,

‘लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं कार्ड) जोडताच येत नाही, नवाच घ्या,’ असं जेल रोडवरच्या एका दुकानदारानं मला छातीठोकपणे सांगितलं. जोडता येतं की! भाच्याच्या जुन्या डेस्कटॉपचं कार्ड मी घरी जेवणाच्या टेबलावर जोडलं. लॅपटॉपला थंडरबोल्ट (बाहेरची उपकरणं जोडायचं वेगवान पोर्ट) नव्हतं, म्हणून आतल्या एम.२ स्लॉटमध्ये, म्हणजे एसएसडी ही साठवणीची चकती बसवायच्या रिकाम्या खाचेत, कार्ड जोडणारा अडॅप्टर बसवला. वीज डेस्कटॉपच्याच ४५० वॅटच्या एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची. दोन संध्याकाळी स्क्रीन काळीच. कार्डाला वीज देण्याआधीच मी लॅपटॉप सुरू करत होतो! मॉनिटर थेट कार्डालाच लावावा. एम.२ स्लॉटमध्ये कार्डाला सोळाऐवजी चारच पीसीआय एक्सप्रेस लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) मिळतात, त्यातूनच चित्र लॅपटॉपवर परत आणलं तर वेग आणखी घटतो. दुकानदारांनी निदान ‘माहीत नाही’ म्हणावं. जेवण सध्या ओट्यावर.

— एक निवृत्त वाचक, रामबाग, इंदूर